डबा रिकामा पाठवू नये

आमच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांना हाक काय मारायची, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. नव्या पोरांनी 'सर' म्हटलं की ते म्हणायचे, "सर शाळेत असतात. इथे कोण नापास झालंय?" कुणी 'काका' म्हटलं की विचारायचे, "कुठल्या बाजूचा? वडिलांच्या बाजूचा असेन तर वाटणी मागायला येतो." आडनावापुढे 'साहेब' लावलं, तर साहेब कुठे आलेत म्हणून मागे वळून बघायचे. नुसतं आडनाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. शेवटी सगळं ऑफिस त्यांना 'अहो' म्हणायला लागलं. "अहो, जरा बघता का?" "अहो, चहा आलाय." माझ्या सासूबाईंनी एकदा मला फोनवर "अहो, तुम्ही जेवलात का?" असं विचारताना ऐकलं आणि मी फोन ठेवल्यावर अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग आमचा मुलगा कोण?" त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

आमची कंपनी सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या मधल्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना, वर गणिताचा क्लास, त्यामुळे दोन्हीकडून रडण्याचे आवाज यायचे. आम्ही मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. कुठल्या कार्यालयात कुठल्या तारखेला कुणाचं लग्न, सकाळचं की संध्याकाळचं, पानं किती उठणार, हे सगळं त्यात. हा सगळा डेटा ठेवायचा, राखायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, हे काम अहोंचं. माझं काम कार्यालयांच्या मॅनेजरांना ते सॉफ्टवेअर शिकवायचं. म्हणजे दिवसभर फोनवर "डावीकडचं नाही हो, उजवीकडचं बटण!" असं ओरडायचं.

अहो अंगानं किरकोळ, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि पायात ऑफिसातल्या स्वतंत्र चपला. बाहेरच्या चपला दाराशी, आतल्या टेबलाखाली. "डेटा असतो तिथे बाहेरची धूळ नको," असं म्हणायचे. डेटा एका बंद खोलीतल्या मशीनवर होता आणि तिकडे ते सहसा जायचेही नाहीत, पण हे सांगायला कोण जाणार!

त्यांचा एकच मंत्र होता: "परत आणून दाखवा." ठेवून घेणारे पुष्कळ भेटतात म्हणायचे, परत देणारा बघून घ्यावा. म्हणून दर गुरुवारी सकाळी ते आदल्या रात्रीची डेटाची प्रत घ्यायचे आणि दुसऱ्या एका मशीनवर सगळं पहिल्यापासून उभं करून बघायचे. काही बिघडलेलं नसताना! पोरं म्हणायची, प्रत आहे ना, मग झालं की. त्यावर ते म्हणायचे, "लग्नातली वर्गणीची भांडी पण 'आहेत' म्हणतात. मागायला गेलं की पातेलं मिळतं आणि झाकण मिळत नाही."

गुरुवारचा दुसरा भाग मात्र आम्हाला चमत्कारिक वाटायचा. प्रत उभी राहिली की ते चष्मा पुसून कुठल्या तरी कार्यालयाला फोन लावायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "अहो, एक विचारायचं होतं. ते अमुक तारखेचं लग्न, ते खरंच मोडलं का?" दर गुरुवारी असे चार-दोन फोन. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. एवढा शिकलेला माणूस, आणि लोकांची लग्नं मोडली का याच्या चौकशा! उतारवयात येते एकेकाला हौस, असं मी स्वतः कँटीनमध्ये म्हटलेलं आहे.

दुसरी परीक्षा डब्याची. ऑफिसात कुणी नवं आलं की पहिल्या आठवड्यात अहो त्याच्या टेबलावर स्टीलचा छोटा डबा ठेवायचे. आत नारळाच्या वड्या, स्वतः केलेल्या. "घरी न्या. डबा तेवढा परत आणा." बस, एवढंच. कुणी दुसऱ्या दिवशी आणायचा, कुणी महिनाभर विसरायचा. आणला की अहो झाकण उघडून आत बघायचे आणि "हं" म्हणायचे. मला या 'हं'चा अर्थ लगेच कळला, कारण आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलंय. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं देऊ नकोस. मी डब्यात आईची शेंगदाण्याची चटणी भरून दिली. अहोंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "बसा. तुमच्याशी बोलायला हरकत नाही." मी तिथे आधीच आठवडाभर काम करत होते, पण असो.

त्यांचा खरा स्वभाव मला कळला तो माझ्या चुलतभावाच्या लग्नात. आम्ही विश्रांतवाडीचे, बौद्ध. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, रविवार बघतात, कारण सगळ्यांना सुट्टी पाहिजे. आळंदी रस्त्यावरचं एक कार्यालय ठरलं. योगायोगानं तिथे आमचंच सॉफ्टवेअर. तिथल्या कारकुनाचा मला फोन. "ताई, मशीन पुढं जाईना. मुहूर्त मागतंय. काय टाकू?" मी म्हटलं, रिकामं सोडा. तर म्हणाला, "सोडू देत न्हाय ना! म्हणतंय, मुहूर्ताशिवाय लग्न होणार न्हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि मला सांगतंय लग्न होणार नाही!

मी तणतणत अहोंच्या टेबलाशी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ती सक्ती काढून टाकली आणि "आता बघायला सांगा" म्हणाले. शेजारच्या एका तरुण इंजिनिअरला राहवलं नाही. "अहो, पण लग्नाच्या नोंदीत मुहूर्त तर लागतोच ना?"

"लग्नाला दोन माणसं लागतात," अहो म्हणाले. "बाकी सगळे रकाने ऐच्छिक. माझं लग्न चांगल्या तीन ज्योतिष्यांनी काढलेल्या मुहूर्तावर झालं. बायको अजून म्हणते, वेळ चुकली."

त्या दिवसापासून मी या माणसाची झाले. सासूबाईंना हे वाक्य वाचायला देणार नाही.

आता मॅडम. आमच्या कंपनीच्या मालकीणबाई. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. स्वतःच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन टेबलं टाकून त्यांनी कंपनी काढली आणि आम्हा सगळ्यांच्या चुली त्यांच्यामुळे पेटतात. फक्त त्यांना नव्या गोष्टीचं वेड फार. श्रावणात त्या एका मोठ्या हॉटेलातल्या परिषदेला गेल्या आणि येताना एक कापडी पिशवी, एक बाटली आणि एक शब्द घेऊन आल्या. शब्द होता 'मॅनेज्ड'. आपला डेटाबेस आता मॅनेज्ड पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याच्या आत सगळं हलवायचं.

मॅनेज्ड म्हणजे काय, हे अहोंनी आम्हाला चहाच्या वेळी समजावून सांगितलं. "पूर्वी लग्न दारात मांडव घालून व्हायचं. आचारी आपण बघायचा, पाणी आपण भरायचं, पत्रावळी कमी पडल्या तर आपण धावायचं. आता कार्यालय घेतो. आचारी त्यांचा, पाणी त्यांचं, झाडलोट त्यांची, दिवे गेले तर जनरेटर त्यांचा. आपण नटूनथटून जायचं आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरायचं. वाईट काही नाही त्यात. सोयीचंच आहे." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "रुसलेल्या व्याह्यांची समजूत तेवढी कार्यालयवाले काढत नाहीत. तिथे घरचंच माणूस लागतं."

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "हे झालं की त्यांचं काम उरत नाही. इतकी वर्षं आहेत, सांगायचं कसं कळत नाही." आणि वर, कुठल्या कंपनीची सेवा घ्यायची याची तुलना करायचं काम त्यांनी कुणाला द्यावं? अहोंनाच! दुसऱ्या कुणाला त्यातलं कळतच नव्हतं. म्हणजे माणसाची खुर्ची जाणार, आणि ती कुणी न्यायची हे त्यानंच निवडायचं. मी बाहेर आले ती रागानं लाल होऊन.

"तुम्हाला सांगितलं ना मॅडमनी?" अहोंनी मान वर न करता विचारलं. "तोंडावर दिसतंय तुमच्या."

"अहो, सगळ्या सेवा भिकार आहेत असं लिहून द्या ना! कोण बघायला येतंय?"

"बाईसाहेब, तुलना करायला बसलं की माणूस स्वतःच्या बाजूचा राहत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "घरच्यांना वाटतं, आता बसावं. मला बसता येत नाही हो. गुरुवार नसेल, तर आठवडा कुठून कुठपर्यंत मोजायचा?"

मला भरून आलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच माझ्या स्कूटरच्या पार्किंगवरून काहीतरी खोचक काढलं.

तीन कंपन्यांना बोलावलं. अहोंनी त्यांची बारशी केली: थोरले, मधले आणि शेंडेफळ. थोरले म्हणजे जगभर पसरलेली अवाढव्य परदेशी कंपनी. मधलेही परदेशीच, पण आटोपशीर. शेंडेफळ आपल्याच हिंजवडीतलं, नवंकोरं. तिघांचे विक्रेते हिंजवडी आणि बाणेरकडून यायचे आणि सदाशिव पेठेत गाडी लावता लावता अर्धे खलास व्हायचे. वर आल्यावर अहो त्यांना पाणी द्यायचे आणि मग उरलेले अर्धेही खलास.

थोरल्यांचा माणूस सुटाबुटातला. म्हणाला, आमची सेवा नव्याण्णव पूर्णांक पुढे कितीतरी नऊ इतके टक्के चालू असते.

"आणि उरलेलं बंद कधी असतं?" अहोंनी विचारलं.

"फारच थोडा वेळ, सर."

"थोडा का असेना. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नाही ना?"

तो हसला. अहो हसले नाहीत. तो हसायचा थांबला.

मग दुरुस्तीच्या वेळेचा प्रश्न. अशा सेवेत आठवड्यातून एकदा डागडुजीची वेळ ठरवून द्यावी लागते. तेवढ्यात त्यांची माणसं काय नट-बोल्ट आवळायचे ते आवळतात आणि डेटाबेस क्षणभर बंद पडू शकतो. तिघांनीही एकच सुचवलं, रात्री दोन. जग झोपलेलं असतं.

"जग झोपतं तेव्हा आमच्याकडे न्यू जर्सीचा मामा भाचीच्या लग्नाच्या तारखा बघत बसलेला असतो," अहो म्हणाले. "आम्हाला दुपारी एक ते चार द्या."

मधल्यांकडून आलेल्या बाई नागपूरच्या होत्या. त्यांना वाटलं, म्हातारा पुण्याची थट्टा करतोय. त्या छान हसल्या. अहोंनी लॅपटॉप उघडून वर्षभराचा आलेख दाखवला. सकाळी चढता, संध्याकाळी चढता, रात्रीसुद्धा बऱ्यापैकी, आणि दुपारी एक ते चार अगदी सपाट. शहरातल्या एकूण एक कार्यालयांच्या कचेऱ्या त्या वेळात कुलूपबंद. "लोक विनोद करतात," अहो म्हणाले, "पण आमच्याकडे डेटा आहे." बाईंनी निमूटपणे लिहून घेतलं, एक ते चार.

मग प्रत्येकाला डबा! गंभीर चेहऱ्यानं, नारळाच्या वड्या, "घरी न्या, डबा तेवढा परत द्या." मला टेबलाखाली पाय आवळून हसू दाबावं लागलं. सुटाबुटातल्या माणसानं तो डबा लॅपटॉपच्या बॅगेत ज्या बेतानं ठेवला, ते मी विसरणार नाही.

आणि बरोबर खरी परीक्षा. खऱ्या लोकांची नावं बाहेर द्यायची नाहीत म्हणून अहोंनी सगळा खोटा डेटा तयार केला होता. वरांना किल्ल्यांची नावं, वधूंना नद्यांची. चिरंजीव तोरणा आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मुठा. राजगडाशी कोयना, विसापूरशी इंद्रायणी. अशी हजारो लग्नं त्यांनी तिघांच्या हवाली केली, आठवडाभर त्यात फेरफार करत राहिले, आणि मग एका गुरुवारी तिघांनाही एकच निरोप धाडला: "काल चार वाजता जसं होतं, तसं परत आणून दाखवा."

आधी डब्यांचं सांगते. थोरल्यांचा डबा आलाच नाही. आठवण केली तर 'आपली विनंती नोंदवून घेतली आहे' असं उत्तर आलं, खाली एक लांबलचक क्रमांक. मधल्यांचा डबा ठरल्या दिवशी कुरिअरनं आला. घासूनपुसून लख्ख, बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळलेला, आणि आत ठणठण गोपाळ. शेंडेफळाचा विक्रेता मात्र स्वतः डबा घेऊन आला. उमदा मुलगा, आईच्या हातचे बेसनाचे लाडू घेऊन आला, अहोंच्या शेजारी बसला, चहा घेतला, आतल्या चपलांचं कौतुक केलं. अहोंनी लाडू खाल्ला आणि डोळे मिटले. झालं, म्हटलं, शेंडेफळ जिंकलं!

डेटाचा निकाल वेगळा होता. थोरल्यांनी आणलेलं चोख होतं, पण चार वाजले होते ते ग्रीनिचच्या घड्याळात, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. मधल्या वेळात अहोंनी मुद्दाम मोडलेली लग्नं त्यात मोडलेलीच आली. शेंडेफळानं वेळ बरोबर धरली. कार्यालयं सगळी होती, त्यांचे पत्ते होते, पानांचे दरसुद्धा होते. लग्न मात्र एकही नव्हतं. ना किल्ला, ना नदी. तो मुलगा रडवेला झाला. अहोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कुठे चुकलं ते शेजारी बसवून तासभर समजावलं.

आणि त्या नागपूरच्या बाई? त्यांनी निरोप मिळताच उलट फोन केला होता: "चार म्हणजे कुठले चार? तुमचे दुपारचे ना?" आणि बरोबर तेवढंच, तसंच, परत आणून दिलं. तोरणा, मुठा, सगळी वऱ्हाडं जागच्या जागी.

"पण डबा रिकामा आला होता," मी म्हटलं. खरं तर मला शेंडेफळ यायला हवं होतं. ते इतकं कच्चं होतं, की अहोंशिवाय एक दिवस चाललं नसतं.

अहोंना माझा कावा कळला. "डब्यावरून माणूस कळतो," ते म्हणाले. "आणि मशीन कळतं परत काय आणलं त्यावरून. या दोन्हीची सरमिसळ करायची नाही. मधले घ्यायचे."

मॅडमना निकाल सांगायच्या दिवशी मी जरा लवकर मीटिंगच्या खोलीत गेले. अहोंनी फळ्यावर तक्ता काढला होता. वर तीन नावं, खाली रकाने: परत देणं, दुरुस्तीची वेळ, खर्च, मदतीला कोण येतं. सगळ्यात शेवटी आणखी एक, ठळक अक्षरात: 'रुसवा कोण काढणार?' त्याच्यापुढे तिघांनाही शून्य. मला आनंद झाला. म्हटलं, आता मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडेल. तेवढ्यात अहो उठले, फळ्यापुढे उभे राहिले आणि तो रकाना त्यांनी डस्टरनं पुसून टाकला.

"अहो! हे काय केलंत?"

"तिघांनाही शून्य आहे. म्हणजे तिघांत फरक करायला त्याचा उपयोग नाही. मग तो रकाना राहत नाही, माझ्या नोकरीचा अर्ज होतो." त्यांनी हात झटकले. "अर्ज मी एकदाच केला होता. पुन्हा करणार नाही."

पुणेरी अभिमान! असा राग आला मला, की मीटिंगभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मॅडमनी मधल्यांवर शिक्कामोर्तब केलं. मग घसा खाकरून म्हणाल्या, "अहो, आणि आपण..."

"मला आता या कार्यात काम नाही," अहोंनी त्यांची सुटका केली. "दिवाळीपर्यंत सगळं हलवून देतो."

आणि दिलं. एक नोंद इकडची तिकडे झाली नाही. दिवाळीआधी छोटासा निरोप समारंभ झाला, मॅडमनी शाल आणि नारळ दिला. अहोंनी नारळ हातात घेऊन कानाशी हलवून बघितला. "नारळ देतात असं नुसतं ऐकलं होतं," म्हणाले, "खरोखरचा असेल असं वाटलं नव्हतं." पोरं हसली. मॅडमनाही हसावं लागलं, पण चेहरा पडला त्यांचा. दुसऱ्या दिवशी अहो आतल्या चपला न्यायला आले आणि जाताना मॅडमच्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवून गेले. "आपल्याच नारळाच्या आहेत. डबा तेवढा परत पाठवा." मॅडमनी वड्या आम्हाला वाटल्या. रिकामा डबा केबिनमधल्या कपाटावर जाऊन बसला, तो बसलाच.

तुळशीचं लग्न लागलं. सराई सुरू झाली. मधल्यांची सेवा खरंच चांगली, काही म्हणजे काही बंद पडलं नाही. मॅडम खुशीत होत्या. आणि मग एके दिवशी, भर दुपारी, झोप मोडून, पेठेतल्या एका जुन्या कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. अशा फोनवर पूर्वी अहोच असायचे. सगळा ओरडा ते एकटे खायचे, चहाबरोबर खारी खावी तसा. आता तो मॅडमनी घेतला. केबिनच्या काचेतून आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण मॅडमनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता.

झालं होतं असं. त्या मालकांच्या कारकुनानं एक रद्द झालेलं लग्न काढून टाकताना चुकून त्याच्या शेजारचं, चांगलं ठरलेलं लग्न काढून टाकलं. तारीख मोकळी दिसली. ती दुसऱ्यांना दिली. पुढच्या रविवारी एकाच कार्यालयात दोन वऱ्हाडं येणार होती, आणि पहिल्या मुलीचे वडील पत्रिका द्यायला आले तेव्हा हे उघडकीला आलं. मॅडमनी मधल्यांना फोन लावला. नागपूरच्या बाईंनी सगळं तपासून नम्रपणे सांगितलं, "आपला डेटाबेस पूर्णपणे निरोगी आहे." खरंच होतं. कारकुनाची चूक त्यानं अगदी जशीच्या तशी जपून ठेवली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गुरुवार! अहो गेल्या गुरुवारची प्रत या गुरुवारच्या प्रतीशी ताडून बघायचे. जी लग्नं मधल्यामध्ये गायब झाली असतील, त्या कार्यालयाला फोन. खरंच मोडलं का? खरं असेल तर बरं, चूक असेल तर तिथल्या तिथे परत. इतकी वर्षं किती पोरींची लग्नं त्या एका प्रश्नानं वाचवली असतील, आणि आम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतो. मी मॅडमना हे सांगितलं. पुसलेला रकानाही सांगितला. मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवरून अहोंना फोन लावला. घेतला नाही. पुन्हा लावला. घेतला नाही.

"रागावलेत," मॅडम म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं. "नाही मॅडम. दोन वाजलेत."

चारनंतर फोन लागला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. अहोंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "दोघांचे मुहूर्त काय आहेत?" मी बघितलं. पहिल्यांचा सकाळचा होता. दुसऱ्यांचा रकाना रिकामा. नोंदणी पद्धतीचं लग्न, नंतर नुसतं जेवण.

"मग मालकांना सांगा, मी दोघांशी बोलतो. कारकुनाला ओरडू नका म्हणावं, तो पुढच्या वेळी चूक लपवेल." आणि खरंच, संध्याकाळपर्यंत त्यांनी घरी बसल्या बसल्या सगळं जुळवलं: पहिल्यांना सकाळ, दुसऱ्यांना संध्याकाळ. दुसऱ्या मुलीची आई तर म्हणाली, संध्याकाळच बरी, उन्हाचा त्रास नाही.

"अहो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही परत या. प्लीज."

पलीकडून अहोंचा तो कोरडा आवाज. "लग्नांचं केलं, ते त्या पोरींसाठी. माझं म्हणाल तर, माझा एक डबा आपल्याकडे आहे."

"डबा? कुठला डबा?"

"तो परत आणून दाखवा. मग बोलू." आणि फोन बंद.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटावर बघितलं. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नवी पोरं, वड्या, 'हं', थोरले-मधले-शेंडेफळ, सगळं. "कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल, नुसती चिमूटभर साखर घातलीत तरी चालेल, रिकामा नको म्हणजे झालं. मॅडमनी डबा पर्समध्ये टाकला. ज्या बाईच्या घरी तीन-तीन स्वयंपाकिणी येऊन गेल्या, तिनं त्या रात्री काय केलं, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या बोटावरचा फोड बघून कळलं.

गुरुवार होता. मॅडमनी अहोंना चहाला बोलावलं होतं. अहो आले, दाराशी चपला काढल्या, अनवाणीच आत येऊन उभे राहिले. मॅडमनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. सगळं ऑफिस खुर्च्यांतून अर्धवट उठलेलं. अहोंनी झाकण उघडलं. आत शिरा होता. निदान सकाळपर्यंत तरी असावा. खालून काळा, वरून पांढरा, मध्ये एक बेदाणा.

अहोंनी वास घेतला. "आपण केलात?"

"हो."

"करपलाय."

"हो," मॅडम म्हणाल्या. "माहितेय."

अहो आपल्या जुन्या खुर्चीत बसले, चमचा मागवला, आणि तो सगळा शिरा, बुडाच्या खरपुडीसकट, एक कण न ठेवता खाल्ला. इतक्या सावकाश, की मॅडमना डोळे पुसायला पुरेसा वेळ मिळाला. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा पुसला, पिशवीतून आतल्या चपला काढून पायात घातल्या. म्हणजे येतानाच आणल्या होत्या, लबाड माणूस!

दोन गुरुवारच्या प्रती शेजारी लावून बघितल्या आणि फोन ओढून नंबर फिरवला.

"अहो, एक विचारायचं होतं. ते पुढच्या महिन्यातलं लग्न, ते खरंच मोडलं का?"